प्रश्न विचारणाऱ्याचें आसन

लोकांच्या अंगवळणीं पडलेला एखादा खेळ बंद होतो, चारदोन वर्षें मध्यें जातात, आणि मग कोणा नामवंताच्या खांद्यावर भार देऊन तो पुन्हां मांडला जातो. अशा वेळीं घरोघर जी चर्चा चालते ती मोठी ऐकण्यासारखी असते. नव्या मनुष्याचा पोशाख, त्याची बोलण्याची ढब, बक्षिसाच्या रकमेचे आंकडे या सर्वांचा तींत यथास्थित समाचार घेतला जातो. परंतु जरा कान देऊन ऐकलें तर त्या बोलण्याच्या खालून एक निराळाच सूर उमटत असलेला आढळतो. ‘पूर्वीची मजा राहिली नाहीं’ असें म्हणणारा गृहस्थ पुष्कळदां त्या नटाविषयीं बोलतच नसतो. त्या खेळांत त्याची स्वतःची जी एक जागा होती ती राहिली कीं गेली, याविषयीं तो बोलत असतो. ‘कौन बनेगा करोडपति’ या खेळाची गेल्या पंचवीस वर्षांतील हकीकत या दृष्टीनें पाहिली म्हणजे प्रेक्षकांच्या आवडीनिवडीचीं कांहीं कोडीं उलगडतात.

खेळ मूळचा इंग्लंडांतला. ४ सप्टेंबर १९९८ रोजीं तेथील आय. टी. व्ही. या वाहिनीवर ख्रिस टॅरंट या गृहस्थांनीं तो प्रथम मांडला. पंधरा प्रश्न, प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय, अडल्यास तीन प्रकारची मदत, आणि शेवटच्या पायरीवर दहा लक्ष पौंड. एवढाच त्याचा सांगाडा. पण त्याची खुबी निराळ्याच ठिकाणीं होती. प्रश्नोत्तरांच्या इतर कित्येक खेळांत जो आधीं घंटी दाबील त्याची सरशी होते, आणि घरीं बसलेल्या मनुष्याला प्रश्न नीट उमजण्यापूर्वींच उत्तर होऊन जातें. येथें तशी घाई नव्हती. प्रश्न वाचून झाल्यावर ‘मिळालें तेवढें पुरे’ असें म्हणून उठण्याचीही मुभा होती. स्पर्धक विचार करीत बसे, आणि तो विचार करीत असतां घरचीं माणसें उत्तर देऊन मोकळीं होत. चार पर्याय समोर लिहिलेले असल्यामुळें ज्याला कांहींच ठाऊक नाहीं त्यालाही तर्क लढवितां येई. आणि तर्क बरोबर निघाला कीं तें आपल्याला ठाऊकच होतें, असें म्हणतांही येई! सन १९९९ च्या मार्चमध्यें एका रात्रीं सुमारें एक कोटी नव्वद लक्ष प्रेक्षक ब्रिटनमध्यें हा खेळ पाहत बसले होते.

भारतांत तो आला ३ जुलै २००० रोजीं, स्टार प्लस वाहिनीवर, रात्रीं नऊ वाजतां. त्या वेळीं अमिताभ बच्चन सत्तावन वर्षांचे होते. ‘ए. बी. सी. एल.’ ही त्यांची कंपनी डबघाईस आलेली, डोक्यावर कर्ज, आणि चित्रपटांचेंही दिवस फारसे बरे नव्हते. रुपेरी पडद्यावरील एवढ्या मोठ्या नटानें घरांतल्या लहान पडद्यावर येणें हें तेव्हां एक पायरी खालीं उतरणें समजलें जात असे. कार्यक्रमाची रचना सिद्धार्थ बसू यांची. १९८५ च्या सुमारास दूरदर्शनवर ‘क्विझ टाइम’ हा त्यांचा कार्यक्रम होत असे. तो इंग्रजींत, महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांचा, व बहुश्रुतांसाठीं. तो पाहतांना घरांतील वडीलधारी मंडळी कौतुकानें माना डोलवीत, पण तोंड उघडण्याचें धाडस करीत नसत. नवा खेळ हिंदींत होता, आणि त्यांत तोंड उघडल्यावांचून कोणालाही राहवत नसे.

बच्चन यांनीं पहिल्या रात्रीपासून एक गोष्ट कटाक्षानें केली. समोर बसलेला कारकून असो, शिक्षिका असो कीं दुकानदार असो, त्याला ‘आप’ म्हणून, घरीं आलेल्या पाहुण्यासारखें त्यांनीं बसवून घेतलें, त्याच्या गांवाची चौकशी केली, आईवडिलांची विचारपूस केली. उत्तरें राखून ठेवणारें यंत्र, तर त्यालाही ‘कंप्यूटर जी’! ही आर्जवी भाषा ऐकून प्रथम हसूं येई. परंतु याच भाषेनें घरोघरच्या वृद्धांना जिंकलें. ज्या घरांत टीव्हीवरील नाचगाण्यांमुळें नऊच्या सुमारास दोन पिढ्यांची रोज खडाजंगी होई, तेथें दोन्ही पिढ्या आपापलीं ताटें घेऊन एकाच खोलींत बसूं लागल्या.

एकत्र कुटुंबांत कोणास काय कळतें याची एक श्रेणी ठरून गेलेली असते. व्यवहार वडील भावाला कळतो, कायदा वकिली करणाऱ्या काकांना, इंग्रजी शिकत्या मुलांना. आणि आजीला कांहीं कळतें हें सणावारांखेरीज कोणाच्या लक्षांतही येत नाहीं. या खेळानें ती श्रेणी रोज रात्रीं तासभर विसकटून टाकली. महाभारतांतील एखाद्या उपकथेवर प्रश्न आला कीं सर्वांच्या माना भाजी निवडीत बसलेल्या आजीकडे वळत, आणि ती डोकें वर न करतां उत्तर सांगून टाकी. क्रिकेटच्या प्रश्नाला दहा वर्षांचा नातू काकांना गप्प बसवी. ‘उत्तर ब आहे, मामंजी,’ एवढे चार शब्द सासऱ्यांच्या समोर मोठ्यानें उच्चारण्याची पहिली संधि कित्येक सूनबाईंना या खेळानेंच दिली असेल! ऑक्टोबर २००० मध्यें मुंबईचे हर्षवर्धन नवाथे हे सत्तावीस वर्षांचे तरुण, जे सनदी सेवेच्या परीक्षांचा अभ्यास करीत होते, ते एक कोटि रुपये जिंकणारे पहिले स्पर्धक ठरले. संसदेच्या कामकाजांत भाग घेण्याची मुभा राज्यघटनेनें पुढीलपैकीं कोणास दिली आहे, असा त्यांचा शेवटचा प्रश्न होता. उत्तर होतें ॲटर्नी जनरल, म्हणजे भारताचे महान्यायवादी. ज्या घरांतल्या वकील काकांनीं तें उत्तर नवाथ्यांच्या आधीं सांगितलें, त्या घरीं पुढें कित्येक दिवस जणूं काकांनींच कोट जिंकला होता.

हें यश पाहून इतरांनीं जो हिशेब केला तो फार सरळ होता. एका नटानें व एका कोटीनें एवढी गर्दी जमते, तर दोन नट आणि दहा कोटींनीं किती जमेल? त्याच वर्षीं झी वाहिनीनें ‘सवाल दस करोड का’ हा खेळ आणला. अनुपम खेर व मनीषा कोइराला अशीं दोन नामांकित माणसें प्रश्न विचारावयास, आणि बक्षीस दसपट. तो रुजला नाहीं. पुढें सोनीवर गोविंदा यांचा ‘जीतो छप्पर फाड के’ आला. त्याचेंही बस्तान कायमचें बसलें नाहीं. खेर हे उत्तम नट आहेत, गोविंदांच्या अंगचा विनोद तर सर्वश्रुतच आहे. परंतु प्रेक्षक जमले ते केवळ नटासाठीं किंवा रकमेसाठीं, ही समजूत त्या एका वर्षांतच खोटी पडली.

आतां पुनरुज्जीवनाच्या खऱ्या गोष्टीकडे वळूं. पहिलें पर्व २००१ च्या अखेरीस संपलें. २००५ मध्यें बच्चन दोन कोटींचें बक्षीस घेऊन परत आले, पण त्या वर्षाच्या उत्तरार्धांत त्यांची प्रकृति बिघडली आणि तें पर्व अर्धवट राहिलें. त्यानंतर २२ जानेवारी २००७ रोजीं त्या आसनावर शाहरुख खान बसले. लोकप्रियतेच्या दृष्टीनें याहून योग्य मनुष्य त्या वेळीं देशांत शोधून सांपडला नसता. हजरजबाबी, स्वतःवर विनोद करणारे, स्पर्धकाला प्रेमानें आलिंगन देणारे. तरुण मंडळी खूष झाली. घरांतील तिसऱ्या पिढीनें मात्र कपाळाला आठ्या घातल्या, आणि त्या आठ्यांचा अर्थ ‘जुन्या माणसांना नवें आवडत नाहीं’ एवढाच लावण्यांत आला.

आमच्या मतें तो अर्थ अपुरा आहे. खानसाहेबांनीं तें काम वाईट केलें असें म्हणवत नाहीं. उलट तें त्यांनीं इतकें रंगतदार केलें कीं पाहणाराची नजर त्यांच्यावरून हलेना. स्पर्धक अडखळला कीं ते एखादी कोटि करीत, सभागृह हसे, आणि उत्तर आठवण्यासाठीं घरच्या मंडळींना मिळावयाची जी शांत अर्धी घटका, ती हंशांत निघून जाई. पूर्वीं प्रश्नकर्ता गप्प बसून समोरच्याकडे पाहत राही, तेव्हां त्या स्तब्धतेंत आजी बोलत असे, नातू बोलत असे. ती स्तब्धताच भरून निघाल्यावर त्यांना बोलावयाला जागा कोठली? मग ते प्रेक्षक झाले. आणि प्रेक्षकच व्हावयाचें तर त्याच नटाचा चित्रपट पाहण्यास कोणाची हरकत होती? सुरुवातीची गर्दी पुढें टिकली नाहीं, आणि १९ एप्रिल रोजीं तें पर्व संपलें. वडिलांच्या जागीं बसणाऱ्या मुलाशीं तुलना होणारच, हा त्यांत त्यांच्यावर झालेला अन्यायही मान्य केला पाहिजे. नव्या सुनेची आमटी पहिलें वर्षभर सासूच्या आमटीशीं ताडून पाहिली जाते, मग ती कितीही चांगली असो.

११ ऑक्टोबर २०१०, म्हणजे बच्चन यांचा वाढदिवस. त्या दिवशीं सोनी वाहिनीवर तो खेळ पुन्हां सुरू झाला. वाहिनी बदलली, नियम कांहीं बदलले, कोटीच्या वर पांच कोटींची एक जादा पायरी आली, घड्याळही आलें. सर्वांत मोठा फरक स्पर्धकांत दिसूं लागला. लहान गांवांतील, हिंदीखेरीज दुसरी भाषा न बोलणारीं माणसें अधिक संख्येनें त्या आसनावर दिसूं लागलीं, आणि त्यांच्या घरांचीं, गल्ल्यांचीं, आयांचीं चित्रें प्रश्नांच्या आधीं दाखविलीं जाऊं लागलीं. त्या पर्वांत झारखंडमधील गिरिडीहच्या एका गृहिणीनें कोटीची रक्कम मिळविली. पुढल्या वर्षीं बिहारांतील मोतीहारीचा, महिना सहा हजार रुपये पगारावर काम करणारा एक संगणकचालक पांच कोटींपर्यंत पोंचला. पुढें २०१७ मध्यें ‘जोडीदार’ नांवाची एक नवी मदत निघाली: अडलें कीं नवरा, बायको, वडील किंवा जो कोणी बरोबर आला असेल तो शेजारीं येऊन बसावयाचा, आणि दोघांनीं मिळून उत्तर ठरवावयाचें. घरीं जें आपण करतों तेंच तेथें होतांना पाहून लोकांना फार आनंद झाला. विशेषतः नवऱ्याचें चुकीचें मत बायको सर्वांसमक्ष खोडून काढी तेव्हां!

या नव्या रूपाविरुद्ध एक तक्रार मात्र सार्वत्रिक आहे व ती खरी आहे. गरिबीचें प्रदर्शन फार होतें. स्पर्धकाचे डोळे भरून येईपर्यंत वाद्यांचा करुण स्वर चालतो, आणि प्रश्न बाजूलाच राहतो. पहिल्या पर्वांत दुःख असलें तरी तें दोन वाक्यांत उरकत असे. तरीही, त्या सर्व सजावटीतून खरें कांहीं निसटून बाहेर आलें कीं तें मनाला भिडतेंच. २०१९ मध्यें अमरावती जिल्ह्यांतील एक बाई आल्या होत्या. शाळेंतल्या मुलांची खिचडी शिजवून त्यांना महिन्याला दीड हजार रुपये मिळत. त्यांनीं कोटि रुपये जिंकले. एवढ्या पैशाचें काय करणार असें विचारल्यावर त्यांच्या ओठीं आली ती वस्तु म्हणजे एक मोबाइल, कारण साऱ्या घरांत मिळून एकच होता! त्या रात्रीं विदर्भांतील घरांतून काय बोलणें झालें असेल तें सांगावयास नको. प्रश्नकर्ता किती मोठा नट आहे याची त्या घटकेला कोणालाच आठवण नव्हती, आणि ती त्यानें होऊं दिली नाहीं हेंच त्याचें कसब.

आसनावर बसून प्रश्न विचारणारा प्रसिद्ध असावा कीं नसावा हा झाला एक वाद. समोर बसून उत्तर देणाराही प्रसिद्ध असला तर काय होतें, हा दुसरा. त्याचें उत्तर खेळाच्या मायदेशांतच मिळतें. इंग्लंडांत पुढें पुढें सामान्य स्पर्धक कमी होत गेले आणि नटनट्या, गायक, खेळाडू हेच धर्मादायासाठीं खेळूं लागले. २०१३ मध्यें टॅरंट यांनीं खेळ सोडला, आणि पुढल्या वर्षाच्या आरंभीं तो बंद झाला. २०१८ च्या मे महिन्यांत, विसाव्या वर्षाच्या निमित्तानें, जेरेमी क्लार्कसन या मोटारगाड्यांच्या कार्यक्रमांनीं गाजलेल्या व जिभेनें तिखट असलेल्या गृहस्थांकडे तो सोंपविण्यांत आला. पुष्कळांनीं नाकें मुरडलीं. पण दोन गोष्टी लोकांना रुचल्या. एक, सामान्य माणसें परत आलीं. दुसरी, प्रश्नकर्त्यालाच उत्तर विचारण्याची एक नवी मदत ठेवली गेली, आणि क्लार्कसन यांना तें उत्तर अनेकदां ठाऊक नसे व तसें ते बेधडक सांगत. मोठ्या आसनावरील मनुष्याचें अज्ञान पाहून घरच्यांना जो आनंद होतो त्याला तोड नाहीं. सप्टेंबर २०२० मध्यें इतिहासाच्या एका शिक्षकानें दहा लक्ष पौंड जिंकले. चौदा वर्षांत तें कोणास साधलें नव्हतें.

अमेरिकेनें उलट वाट धरली. तेथें १९९९ पासून रेजिस फिलबिन यांनीं गाजविलेला हा खेळ ए. बी. सी. वाहिनीनें ८ एप्रिल २०२० पासून पुन्हां आणला, तो जिमी किमेल या विनोदी वक्त्यांच्या हातीं, आणि स्पर्धक म्हणून सगळीं प्रसिद्ध माणसें. जिंकलेली रक्कम स्पर्धकाच्या आवडीच्या संस्थेला. पहिल्या दहा प्रश्नांना मदत करण्यासाठीं शेजारीं एक जाणता मित्रही दिलेला. हेतु चांगला, पण धार बोथट! ज्याच्या घरावर कर्ज नाहीं तो चुकला तर काय जातें, असें पाहणाराला वाटूं लागतें, आणि तो मनानें खेळांतून उठून जातो. अपवाद झाला तो डेव्हिड चँग या आचाऱ्यामुळें. त्या वर्षाच्या नोव्हेंबरमध्यें पांच लक्ष डॉलर हाताशीं असतां ते शेवटच्या प्रश्नापाशीं पोंचले: विजेचा धक्का बसेल या भीतीनें स्वतः दिव्याच्या बटनाला हात न लावणारा, पण ज्याच्या काळांत व्हाइट हाउसमध्यें प्रथम वीज आली, तो राष्ट्राध्यक्ष कोण? चुकले असते तर बत्तीस हजारांवर घसरले असते. आणि तो पैसा त्यांचा नव्हे, महामारीनें ज्यांचीं कामें बुडालीं अशा उपाहारगृहांतील नोकरांना मदत करणाऱ्या एका संस्थेचा होता. फोनवर एका मैत्रिणीला विचारून त्यांनीं बेंजामिन हॅरिसन हें बरोबर उत्तर दिलें. त्या घटकेला चँग यांची प्रसिद्धि अडसर झाली नाहीं, कारण दुसऱ्याच्या घरची चूल त्यांच्या उत्तरावर टांगलेली होती.

आपल्याकडे हा समतोल कांहींसा साधला आहे. २०१८ पासून ‘कर्मवीर’ म्हणून कांहीं भाग ठेवले गेले. डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे हें हेमलकशाचें दांपत्य तेथें येऊन बसलें. पुढल्या वर्षीं सिंधुताई सपकाळ आल्या आणि बच्चन यांनीं त्यांच्या पायांना हात लावून नमस्कार केला. हे पाहुणे प्रसिद्ध खरे, पण त्यांच्याकडे पाहण्यासाठीं घरच्यांनीं खेळ सोडला तरी कोणाची तक्रार नव्हती. तक्रार होते ती येऊं घातलेल्या चित्रपटाची जाहिरात करावयास नटमंडळी येतात तेव्हां. त्या रात्रीं पुष्कळ घरांत वाढणें लवकर उरकतें. २०२० सालीं महामारीमुळें सभागृह रिकामें ठेवावें लागलें व प्रेक्षकांचा कौल घेण्याची मदतही काढावी लागली. टाळ्यांवांचून तो खेळ ओका ओका दिसे, परंतु घरांत अडकून पडलेल्या कुटुंबांनीं तो त्या वर्षींही सोडला नाहीं.

मराठीपुरतें पाहिलें तर या वादाला आणखी एक पदर आहे, तो भाषेचा. २०१३ मध्यें ई टीव्ही मराठीवर सचिन खेडेकर यांनीं ‘कोण होईल मराठी करोडपती’ मांडला, तेव्हां रंगभूमीवर घासलेली त्यांची स्वच्छ वाणी ऐकून आपल्या घरच्यासारखें वाटलें, असें म्हणणारे पुष्कळ होते. २०१९ सालीं सोनी मराठीवर तें आसन नागराज मंजुळे यांच्याकडे आलें. मंजुळे हे सोलापूर जिल्ह्यांतील जेऊरचे, ‘फँड्री’ व ‘सैराट’ या चित्रपटांचे दिग्दर्शक. त्यांचा स्वर हळू, बोलणें ठेक्याचें नव्हे, आणि उच्चारांत त्यांच्या मुलुखाची माती. शहरी घरांतून कांहींना तें खटकलें. सूत्रें हातीं घेणाऱ्याची भाषा कशी ‘तयार’ असावी, असा त्यांचा आग्रह. त्यांच्या आग्रहाची टर उडविण्याचें कारण नाहीं. ज्या भाषेवर आपण वाढलों तिचा नाद कानांना हवासा वाटणें स्वाभाविक आहे. परंतु करमाळ्याच्या किंवा किनवटच्या मनुष्याला एवढीं वर्षें पडद्यावर प्रश्न विचारला गेला तो दुसऱ्याच्या भाषेंत, हें त्यांनीं कधीं ध्यानांत घेतलें होतें काय? मंजुळे समोरच्या स्पर्धकाशीं बोलत ते पारावर शेजारीं बसून बोलावें तसें, आणि तो स्पर्धक अवघडलेला असला तर हळूहळू मोकळा होई. २०२१ मध्यें खेडेकर परत आले, तेव्हां ज्यांना हायसें वाटलें त्यांच्याच घरांतल्या तरुण मुलांना चुकल्याचुकल्यासारखें झालें. एकाच घरांत, एकाच ताटापाशीं, दोन मतें.

मूळ हिंदी खेळाचें सतरावें पर्व ऑगस्ट २०२५ मध्यें सुरू झालें. बच्चन तेव्हां ब्याऐंशी वर्षांचे होते. त्यांच्यामागून त्या आसनावर कोणी बसावें, याची चर्चा अनेक घरांत जेवतांना होते. कोणी नटाचें नांव घेतो, कोणी खेळाडूचें, कोणी एखाद्या वक्त्याचें. आजीला यांतलें एकही नांव पसंत पडत नाहीं. आणि एवढ्यांत पडद्यावर नवा प्रश्न येतो, अमुक राजाची राजधानी कोणती म्हणून, आणि ‘थांबा रे, मला माहीत आहे,’ असें म्हणून ती हातांतली भाजी बाजूला ठेवते.